ओढायचे काय आहे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका अरुंद दुकानाच्या फळीपाशी मी उभा होतो. त्या रस्त्याचे नाव बदलून कित्येक वर्षे झाली. पण विजेचे सुटे सामान घ्यायला निघालेला माणूस अजूनही लॅमिंग्टन रोडलाच जातो. सोबत माझी नात होती. ती यंदा नववीत आहे, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला एक लहानसा रोबो करायचा होता. रोबो म्हटले की हातपाय असलेला पोलादी माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तसा नव्हता. वीतभर लांबीची एक लाकडी पाटी, तिला मागे दोन चाके, पुढे आधाराला एक सुटे फिरणारे चाक, वर सेल आणि पत्त्याच्या पानाएवढी एक पट्टी, जिच्यात त्याची सारी अक्कल साठवलेली. त्याने एका कललेल्या फळीवर चढून जायचे, माथ्यावर थांबायचे आणि एक कागदी झेंडा वर करायचा, एवढेच त्याचे जीवितकार्य. बाकीची तयारी झाली होती. मोटरी तेवढ्या राहिल्या होत्या. त्या आजोबांनी आणून द्याव्यात, असे घरात ठरले होते.

"सगळ्यांत जोरदार असतील त्या दोन दाखवा," मी दुकानदाराला म्हटले.

तो तरुण होता. हातातले काम न थांबवता त्याने विचारले, "काका, ओढायचं काय आहे?"

मी नातीकडे पाहिले, नातीने माझ्याकडे पाहिले. रोबोचे वजन किती, चढ केवढा, चाक केवढे, यांतले एकही उत्तर आमच्यापाशी नव्हते. तेव्हा मी वयाचा आधार घेतला आणि म्हटले, "ते राहू द्या हो. जोर जास्त झाला म्हणून कुणाचं वाईट झालंय का?" त्याने वाद घातला नाही. दोन मोटरी कागदात गुंडाळून पुढे केल्या.

त्या माझ्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते 'होय' असे आहे. हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळले. ते कळताना केवळ मोटरींविषयी कळले असते, तर हे लिहायला बसलो नसतो.

दुकानाच्या काचेखाली मांडलेल्या मोटरींचे काही प्रकार आधी सांगितले पाहिजेत. पहिली पिवळ्या प्लॅस्टिकच्या डबीतली. शाळकरी रोबोंना बहुधा हीच असते. आत अंगठ्याएवढी मोटर आणि तिला जोडून दातेरी चाकांची रांग. मोटरीचे 48 फेरे व्हावेत तेव्हा बाहेरची दांडी एक फेरा घेते. चार पेन्सिल-सेलांवर, म्हणजे 6 व्होल्टवर, ती मोकळी सोडली तर दांडी मिनिटाला सुमारे 200 फेरे करते. दुसरी 'एन 20' नावाची, रुंदीला 12 मिलिमीटर आणि उंचीला 10. तिचे गिअर धातूचे असतात, आणि त्याच चणीत कोणी वेगाची, कोणी जोराची अशा अनेक मिळतात. तिसरी नऊ ग्रॅमची सर्व्हो, जी गरगर फिरत नाही, सांगितलेल्या कोनात जाऊन थांबते. चौथी स्टेपर, जी मोजून पावले टाकते. तिथे जी होती तिची दांडी 2048 पावलांत एक फेरा पुरा करते. आणि या सगळ्यांच्या मागे, पैलवानांसारख्या उभ्या, 12 व्होल्टच्या मोठ्या मोटरी. आम्ही त्या आणल्या.

मोटर विकताना तिच्याविषयी दोन आकडे सांगतात. एक तिचा वेग: मिनिटाला किती फेरे. दुसरा तिचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात: दांडीच्या मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर किती किलोचे ओझे ती पेलून धरील. दोन्ही आकडे खरे असतात. पण ते एकाच वेळी खरे नसतात. वेगाचा आकडा घेतात तो दांडीला काहीही जोडलेले नसताना. जोराचा आकडा घेतात तो ओझे इतके वाढवून की मोटर जागच्या जागी अडून राहते. म्हणजे पहिल्या अवस्थेत ती सर्वांत वेगाने फिरते आणि काम शून्य करते. दुसऱ्या अवस्थेत ती सर्वांत अधिक जोर लावते आणि तरीही काम शून्यच करते. जे काही काम व्हायचे ते या दोहोंच्या मधल्या प्रदेशात होते, आणि तो प्रदेश खोक्यावर छापलेला नसतो.

हे समजले तेव्हा मला थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. माणसांची ओळख आपणही अशाच दोन आकड्यांनी करून देत आलो आहोत. मुलगा हुशार आहे हे सांगताना आपण परीक्षेतले गुण सांगतो. ते बिनओझ्याचे फिरणे. माणूस खंबीर आहे हे सांगताना आपण सांगतो की त्याने अमुक सहन केले, तमुक सोसले, पण जागचा हलला नाही; ते अडून राहणे. या दोहोंच्या मध्ये तो रोज काय ओढतो, किती सहजपणे ओढतो, संध्याकाळी घरी येतो तेव्हा किती तापलेला असतो, याला आकडा नाही. म्हणून ते कुणी विचारत नाही.

शेतकरी मात्र विचारीत असे. बैलाच्या बाजारात खिल्लार बैल उभा राहिला की माणसे थांबून पाहत; त्याची ती ताठ मान, ती चाल. सोलापूर-साताऱ्याच्या कोरड्या रस्त्यावर त्याच्यासारखा धावणारा नाही. पण इगतपुरी-अकोल्याकडच्या पावसाच्या पट्ट्यात, घाटाच्या चढणीला आणि भाताच्या चिखलात, माणसे डांगी बैल धरतात. तो मंद, आखूड, दिसायला काही विशेष नाही. पण संततधारेत दिवसभर काम करील. यांत थोर कोण, असा प्रश्न त्या बाजारात कुणी विचारला असता तर लोकांनी त्याला वेडा ठरवले असते. जमीन कोणती, हे आधी सांगा. मला दुकानात जो प्रश्न नवा वाटला, तो आपल्याकडे खरे म्हणजे फार जुना होता. मीच तो विसरलो होतो.

आता आमच्या पैलवानांची गोष्ट. घरी आणून त्या बसवल्या. एकेकीचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात. त्यांना 12 व्होल्ट हवेत म्हणून चारांच्या जागी आठ सेल आले. या भरतीने रोबो चांगला किलोभराचा झाला. एवढे ओझे कशाचे, असे पाहू गेले तर त्यातला निम्म्याहून अधिक भाग मोटरींचा आणि त्यांच्या खाण्याचा होता. ओझे ओढायला आणलेले गडी स्वतःच ओझे होऊन बसले होते. असे संसारात आणि राज्यकारभारातही होते. पण तो विषय मोठा आहे.

बटण दाबले. चाकांनी एक हिसका दिला, पट्टीवरचा दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा हिसका, पुन्हा दिवा विझला. असे आठ-दहा वेळा झाले. नातीने दोन दिवस पुस्तके चाळून कारण शोधले. मोटर थांबलेल्या स्थितीतून निघते त्या क्षणी तिला सर्वांत अधिक प्रवाह लागतो, मोकळ्या फिरण्याच्या कित्येक पट. एवढा प्रवाह एकदम ओढला की बारक्या सेलांचा दाब खाली बसतो. दाब बसला की पट्टीची स्मृती जाते आणि ती आपला पाठ पहिल्यापासून सुरू करते. जोर लावण्याच्या प्रत्येक क्षणी आमचा रोबो आपण कोण आणि कशाला निघालो हे विसरत होता. नवे सेल घातले तेव्हा तो एकदाचा सुटला. तो असा सुटला की चढ चढून, माथ्यावर न थांबता, पलीकडे जमिनीवर कोसळला. पुढचे चाक मोडले. नात रडली नाही, पण बराच वेळ बोलली नाही.

संध्याकाळी माझा मुलगा, म्हणजे तिचे वडील, कारखान्यातून आला. त्याने मोडका रोबो हातात घेतला, चाक अंगठ्याने धरून ठेवले आणि बटण दाबले. मोटर घरघरली, पण फिरेना. मिनिटाभराने त्याने माझे बोट धरून तिच्या पाठीवर टेकवले. मी हात झटकन मागे घेतला.

"फिरत असताना एवढी तापत नाही, बाबा," तो म्हणाला. "अडली की तापते."

का, ते त्याने नातीला समजावून सांगितले. मी शेजारी बसून ऐकले. मोटर आणि वीज निर्माण करणारे यंत्र या मुळात दोन वस्तू नाहीत. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्राम नावाच्या संशोधकाची वीज करणारी यंत्रे मांडली होती. त्यांतल्या एकाच्या तारा दुसऱ्या चालू यंत्राला जोडल्या गेल्या, आणि ते दुसऱ्याच्या विजेवर आपोआप फिरू लागले. चुकून जोडल्या गेल्या, असे सांगतात. जे फिरवले असता वीज देते, तेच वीज दिली असता फिरते. आणि म्हणूनच प्रत्येक मोटर फिरता फिरता आतल्या आत थोडी वीज निर्माण करीत असते, आणि ती वीज बाहेरून येणाऱ्या विजेच्या उलट दिशेची असते. वेग जितका अधिक तितका हा विरोध अधिक. मोकळ्या फिरणाऱ्या मोटरीत तो येणाऱ्या दाबाच्या जवळजवळ बरोबरीला येतो, म्हणून ती फार थोडा प्रवाह घेते. तिची चालच तिचा संयम असते. ओझ्याने ती मंदावली की विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो. ती पूर्ण अडली की विरोध संपतो, आणि जेवढा म्हणून प्रवाह तारेतून वाहू शकेल तेवढा वाहतो. त्यातला कणभरही कामाला लागत नाही. सगळ्याची उष्णता होते.

"मग अशा वेळी सेल वाढवले तर?" नातीने विचारले.

"अडलेल्या मोटरीचा दाब दुप्पट केलास तर उष्णता चौपट होईल. लवकर जळेल, एवढंच."

हे वाक्य तो मुलीला सांगत होता. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. तरी ते मला लागले. कारण असे की माझा हा मुलगा शाळेत पहिला येई. विजेच्या अभियांत्रिकीला मी त्याला घातले, आणि एका मोठ्या कंपनीत त्याला जागा मिळाली तेव्हा पेढे मीच वाटले. दहा-बारा वर्षे तो चढत गेला. मग त्याला असे एक काम मिळाले की ज्याची जबाबदारी सगळी त्याची आणि ज्यातले काहीही हलवण्याचा अधिकार त्याला नाही. सकाळी आठला जायचा, रात्री अकराला यायचा. काम पुढे सरकत नव्हते. अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. तो घरात कुणावर ओरडत नसे, फक्त जेवताना ताटाकडे पाहत बसे. त्या काळात मी त्याला एकच गोष्ट सांगत होतो, आणि प्रेमाने सांगत होतो: "अजून थोडा जोर लाव." सहा वर्षांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली, आणि भिवंडीकडच्या एका लहान कारखान्यात पंप तपासण्याचे काम धरले. मी त्याला तोंडावर बोललो नाही; पण मनात ती हार म्हणूनच नोंदवून ठेवली होती. नातेवाइकांनी विचारले की मी विषय बदलत असे.

मोटरीच्या पाठीवरून बोट मागे घेतले तेव्हा ती नोंद खोडावी लागेल असे मला प्रथम वाटले. अडलेल्याला जोर लावायला सांगणे हा उपदेश नव्हे, तो दाब वाढवणे होय. अडलेल्या मोटरीला वाचवण्याचे मार्ग थोडे आहेत: ओझे कमी करा, गिअर बदला, नाहीतर वीज बंद करा. त्याने आपल्या हाताने गिअर बदलला होता.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'आपल्या ओझ्यापुरते बळ' हे तत्त्व ऐकायला गोड आहे; पण अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश आपल्या समाजात कुणी कुणाला केला? ज्यांच्या गाद्या लांबरुंद होत्या त्यांनी, ज्यांना फाटके कांबळे दिले होते त्यांना. तुझे ओझे एवढेच, म्हणून तुला शिक्षण एवढेच; तुझा उंबरठा हा, म्हणून तुझी चाल इतकीच. पिढ्यान्‌पिढ्या बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना याच हिशेबाने तोलले. पुरेसेपणाचा उपदेश हा पुष्कळदा कमी देण्याचा बहाणा असतो. माझ्या नातीला कुणी 'मुलीच्या रोबोला लहान मोटर पुरे' असे म्हटले असते तर मी त्याला दाराबाहेर काढले असते.

या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर पुन्हा मोटरीकडेच वळावे लागते, आणि तिथे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, ओझे मोजल्याशिवाय 'पुरेसे' म्हणणे हाच मुळात खोटेपणा आहे. ज्यांनी इतरांना कांबळे दिले त्यांनी त्यांचे ओझे कधी मोजले नव्हते. उलट स्वतःचे ओझेही त्यांच्याच पाठीवर ठेवले होते. दुसरी गोष्ट अशी की, जाणता कारागीर मोटर कधीही बरोबर ओझ्याइतकी घेत नाही. ओझ्याच्या तिप्पट-चौपट जोराची घेतो, म्हणजे नेहमीच्या कामात ती आपल्या कमाल जोराच्या चतुर्थांशावर, फार तर तिसऱ्या हिश्शावर चालते. उरलेले बळ उधळपट्टीसाठी नसते. चढ मध्येच उभा झाला, चाकात धागा अडकला, सेल उतरू लागले, तर त्यासाठी ते असते.

यात एक गमतीदार इतिहास आहे. मोरिट्झ याकोबी हा संशोधक रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करीत असे. तिथल्या नेवा नदीत त्याने विजेच्या मोटरीवर होडी चालवून दाखवली होती. 1840 च्या सुमारास त्याने दाखवून दिले की ठरावीक बॅटरीकडून अधिकात अधिक काम केव्हा मिळते. मोटरीच्या भाषेत त्याचा अर्थ असा: मोकळ्या वेगाच्या बरोबर निम्म्यावर ती असेल तेव्हा. पण त्या वेळी घेतलेल्या विजेतली अर्धी उष्णतेत जाते. यावरून पुष्कळांनी अशी समजूत करून घेतली की निम्मे वाया गेल्याशिवाय विजेचे यंत्र चालूच शकत नाही, आणि ती समजूत काही दशके टिकली. चूक साधी होती. अधिकात अधिक काम आणि कमीत कमी नासाडी हे दोन वेगळे बिंदू आहेत. दुसरा बिंदू हलक्या ओझ्याच्या बाजूला आहे, जिथे मोटर वेगाने, निवांत, थोडा प्रवाह घेत चालते. माणसाकडून शेवटच्या थेंबापर्यंत काम काढणारा त्याचे निम्मे आयुष्य उष्णतेत घालवतो, आणि त्यालाच तो निसर्गनियम समजतो. तेव्हा 'पुरेसे' म्हणजे किमान नव्हे. पुरेसे म्हणजे मोजलेले ओझे, आणि त्यावर अज्ञातासाठी राखलेले बळ. हे राखीव बळ ज्याला नाकारले त्याला पुरेसे दिले असे म्हणता येत नाही, मग तो मजूर असो, सून असो की मोठ्या कंपनीतला अधिकारी.

आणखी एक शंका उरते. सगळेच जर ओढण्याच्या हिशेबाने तोलायचे, तर जे काहीच ओढत नाही त्याचे काय? 1821 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या वाटीत एक लोहचुंबक उभा केला आणि वरून एक तार लोंबती सोडली. तारेतून वीज जाताच ती तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. जगातल्या साऱ्या विजेच्या मोटरींचे ते मूळ. त्या तारेने काहीही ओढले नाही. ती नुसती फिरली. तिला कुणी टॉर्क विचारला असता तर ती दुकानाच्या काचेखाली येण्याच्याही लायकीची ठरली नसती. तेव्हा बिनओझ्याच्या फिरण्याला मोल नाही असे मी म्हणणार नाही. मुलांचे खेळणे, गाणाऱ्याची पहाटेची मेहनत, एखाद्याचे निरुद्देश वाचन हे सगळे त्याच तारेच्या जातीचे आहे. माझे म्हणणे एवढेच की मोकळ्या फिरण्याचा आनंद ज्याचा त्याला घेऊ द्यावा. तो आकडा टिपून त्याच्या बळावर दुसऱ्याच्या गळ्यात जू अडकवू नये. माझ्या मुलाला गणिते सोडवण्यात लहानपणी जो आनंद होई, त्याचे मी असेच केले होते.

मग नात कामाला लागली. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून तिने रोबो तोलला. मोठ्या मोटरी आणि चार सेल काढून, पिवळ्या डबीतल्या दोन मोटरींचे वजन धरून, तो 600 ग्रॅम भरला. फळी एक मीटर लांब, तिचे वरचे टोक जमिनीपासून 20 सेंटिमीटर. म्हणजे चढावर रोबोला मागे ओढणारे ओझे वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके, 120 ग्रॅम. चाकाचा व्यास 65 मिलिमीटर, त्रिज्या सव्वातीन सेंटिमीटर. गुणाकार 390, दोन मोटरींत वाटला तर एकीच्या वाट्याला 195, म्हणजे किलोच्या हिशेबात सुमारे 0.2. घर्षणासाठी तिने तो पाव किलोपर्यंत वाढवला. पिवळ्या मोटरीचा कमाल जोर 6 व्होल्टवर 0.8 च्या आसपास सांगतात. म्हणजे ती आपल्या बळाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहणार. वेग मोकळ्यापेक्षा कमी होईल, मिनिटाला 140 फेरे धरू. चाकाच्या एका फेऱ्यात वीस सेंटिमीटर अंतर. फळी दोन-तीन सेकंदांत पार. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर वहीच्या अर्ध्या पानात मावले, आणि मोटरींची जोडी एका नाश्त्याच्या पैशांत आली. मी विचारले, "हे आधी का नाही केलंस?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही विचारलंच नाही."

तिचे खरे होते. ब्रिस्टलमध्ये 1948-49 च्या सुमारास ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूच्या अभ्यासकाने दोन यांत्रिक कासवे केली होती; आजच्या साऱ्या हौशी रोबोंचे ते पूर्वज म्हणावेत. दातेरी चाके जुन्या घड्याळांतून आणि गॅसच्या मीटरांतून काढलेली, मोटरी दोनच, एक चालण्याची आणि एक वळण्याची. ती कासवे उजेडाच्या मागे फिरत, अडथळ्याला बगल देत, आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या दिवा लावलेल्या घरट्याकडे परतत. एवढ्याशा यंत्राला आपली भूक कळत होती. माझ्या घरात राहणारा माणूस कधी थकला हे मला कळले नव्हते.

याचेही कारण मला त्या काचेखालच्या दोन मोटरींनी सांगितले. स्टेपर मोटर पावले मोजते. तिला 500 पावले जा म्हटले की 500 वेळा हुकूम सुटतो, आणि हुकूम सोडणारा धरून चालतो की दांडी तिथे पोचली. वाटेत काही अडले आणि पाच पावले चुकली तर त्याचा त्याला पत्ता नसतो. तो आपल्या मोजणीवर खूश असतो. सर्व्होचे तसे नाही. तिच्या पोटात एक भाग असा असतो, जो दांडी या क्षणी खरोखर कुठे आहे ते सतत पाहतो; जायचे कुठे आणि आहे कुठे यांतले अंतर उरले आहे तोवर ती सुधारत राहते. मी बाप म्हणून स्टेपरचा हिशेब केला. शाळा एक पाऊल, क्लास एक पाऊल, पदवी, नोकरी, बढती. माझी मोजणी कधी चुकली नाही. तो मुक्कामाला पोचला असेल हे मी धरून चाललो. तू कुठे आहेस, असे मधून मधून विचारायचे असते, हे मला सुचले नाही. विचारण्याला खर्चही काही नव्हता.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री रोबो पुन्हा फळीला लावला. तो काही फार रुबाबात चढला नाही. मधे एकदा डावीकडे कलला, सावरला, माथ्यावर गेला, थांबला, आणि नऊ ग्रॅमच्या सर्व्होने कागदी झेंडा वर केला. नातीने टाळ्या वाजवल्या. तिने तो पुन्हा चढवला, पुन्हा, असा वीस-पंचवीस वेळा. मग माझ्या मुलाने तो उचलला, उलटा केला आणि मोटरीवर बोट टेकवून ठेवले.

"कोमट आहे," तो म्हणाला. "चालेल."

नात निजायला गेली. आम्ही दोघे तिथेच बसून होतो. कारखान्यात हल्ली काय काम चालते, पंप तपासतात म्हणजे नेमके काय करतात, हे मी त्याला सहा वर्षांत प्रथमच विचारले. त्याने चकित होऊन माझ्याकडे पाहिले, आणि मग सांगायला लागला. बरेच होते सांगण्यासारखे. झोपायला आम्हांला एक वाजला.